आत्याला धामणगावी नेताना

माझं बोलणं मेहकरात लोक निम्मं करून घेतात. मी म्हटलं, काल गुडघाभर पाणी साचलं होतं, की ऐकणारा मनातल्या मनात ते घोट्यापर्यंत उतरवतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. ते निम्मं करणार हे ठाऊक असल्यामुळे मी आधीच दुप्पट करून सांगतो, म्हणजे ज्याच्या त्याच्या पदरात खरं तेवढंच पडतं. पण आत्याला धामणगाव बढ्याला नेलं त्या दिवसाचं जे सांगणार आहे, त्यातलं शेवटचं तेवढं निम्मं करू नका. त्याच्या आधीचं हवं तेवढं छाटा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. उभा जन्म तिने मेहकरच्या बाजारात भाजी विकली. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, आणि आत्याने ‘सांबाऽऽर’ अशी हाळी दिली की पैनगंगेपलीकडच्या वावरातले बैल औतासकट जागच्या जागी थांबायचे. मालकानेच हाक मारली असं त्यांना वाटायचं. एसटीच्या ड्रायव्हरांनी तिच्या आवाजावर गाड्या मागे घेतलेल्या आहेत. देहही आवाजाला शोभेल असाच. ती बसली की तिच्या सावलीत दोन मेथीवाल्या आणि एक म्हातारा लसूणवाला आख्खी दुपार काढत.

तीच आत्या आता पलंगावरून अंगणात यायची तर दारात एक मुक्काम करते. हृदयाचा पंप ढिला पडलाय असं डॉक्टर म्हणतात. पाय सुजतात, दम लागतो, आणि गुडघ्यांनी वाकायचं कधीच सोडून दिलंय. पाणी मोजून. मीठ जवळजवळ बंद. सकाळी लघवीची गोळी, आणि ती घेतली की अर्धा दिवस संडासापासून हाकेच्या अंतरावर राहायचं. खाली बसता येत नाही, म्हणून संडासही कमोडचाच हवा. ओरडायचं नाही, गर्दीत जायचं नाही, धुळीत तर नाहीच नाही.

अशा बाईला मेहकरहून चिखली, चिखलीहून बुलढाणा, मग राजूरचा घाट उतरून मोताळा आणि तिथून आत धामणगाव, म्हणजे जवळजवळ अख्खा जिल्हा आडवा कापून न्यायचं होतं. कारण एकच. धामणगावातली एक बाई आत्याला मेलेली समजून बसली होती.

ती बाई म्हणजे आत्याची मैत्रीण. आम्ही घरातले सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतो. दोघी दुसरबीडला एका गल्लीत वाढल्या. आत्याच्या आईची भाजी आणि खालाच्या आईच्या बांगड्या तिथल्या बाजारात शेजारी शेजारी मांडलेल्या असत, आणि या दोघी पोरी मधल्या जागेत. पुढे आत्या लग्न होऊन मेहकरात आली, खाला निकाह होऊन धामणगावच्या बांगडीवाल्यांच्या घरात गेली. एकीचे गुडघे गेले, दुसरीची कंबर गेली, येणं-जाणं थांबलं. मग फोन सुरू झाला. रोज संध्याकाळी, दिवेलागणीला. दोघी एकाच वेळी बोलायच्या, थांबायची वेळ कोणावरच यायची नाही, आणि तरी दुसऱ्या दिवशी एकीला दुसरीच्या घरातल्या मांजराच्या पिल्लांपर्यंत सगळं ठाऊक असायचं. हे कसं व्हायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मग त्या पावसाळ्यात खालाचे कान गेले. आधी एक गेला, मग तो एकटा कशाला राहील म्हणून दुसराही. शेजारच्या मशिदीतली अजान ऐकू येईना. फोन कानाला लावायची, हलवायची, पुन्हा लावायची आणि मुलाच्या हातात परत द्यायची. काही दिवसांनी तिने फोन मागायचंच सोडलं. तिने मनाशी ठरवून टाकलं की पलीकडे कोणी बोलतच नाही, कारण बोलणारी गेली, आणि घरातले आपल्यापासून लपवतायत.

आता यात तिची चूक नाही. आमच्या भागात कच्च्या काळजाच्या माणसाला वाईट बातमी सांगत नाहीत. खालाने स्वतः आपल्या सासूला सासूचा भाऊ गेल्याचं सांगितलं नव्हतं. तो सुरतेला कामाला गेलाय, असं म्हणत सासू जाईपर्यंत निभावून नेलं होतं, वर त्याच्या नावाने दर ईदला सासूला साडीसुद्धा आणली होती. ज्या बाईने मेलेल्या माणसाकडून साड्या आणवल्या, तिला घरातल्यांनी हातवारे करून ‘ती बरी आहे’ सांगितलं तर तिने का विश्वास ठेवावा? मुलाने व्हिडिओ कॉल लावून आत्याचं तोंड दाखवलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी खालाने ते पाहिलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

“याच्यात तं मेलेले बी नाचतेत,” म्हणाली.

हे तिच्या मुलाने मला फोनवर सांगितलं. अम्मी आता दिवे लागले की भिंतीकडे तोंड करून पडते, जेवायला उठवावं लागतं, असंही सांगितलं. फोन स्पीकरवर होता, आणि आत्या पलंगावर शेंगा सोलत होती. तिने सोललेल्या शेंगा बाजूला सारल्या.

“गाडी सांग,” म्हणाली.

मी म्हटलं, “आत्या, डॉक्टर…”

“त्याहिले बी सांग.”

डॉक्टर भला माणूस. त्यांनी आधी नाही म्हणून पाहिलं. मग आत्याने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. उभा जन्म गिऱ्हाइकाला भाव कमी करू न देणारी नजर ती. डॉक्टरांनी स्वतःहून गोळीची वेळ सरकवून दिली. मुक्कामाला पोचल्यावर घ्या, मध्ये दर तासा-दीड तासाला गाडी थांबवून पाय हलवा, पाणी ठरलं तेवढंच, आणि गर्दी, धूळ, ओरडणं काही म्हणजे काही नाही. आत्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. एवढी गरीब मान मी तिची कधी पाहिली नव्हती. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मग नियोजन सुरू झालं, आणि एवढं नियोजन तर आमच्या घरात माझ्या लग्नाचंही झालं नव्हतं. बायकोने गोळ्यांची पिशवी, उशा, चादरी, पडद्यासाठी दोन जुन्या साड्या असं सगळं काढलं. ओळखीच्या एका घरातून चाकाची खुर्ची मिळाली. तिचं एक चाक हट्टी होतं, सरळ ढकलली तरी डावीकडे जायची. गाडीत चढायला पायरी उंच म्हणून जेवायचा पाट घेतला. आणि अगदीच वेळ आली तर असावी म्हणून शेजाऱ्यांकडची मधोमध गोल कापलेली प्लास्टिकची खुर्चीही घेतली. ती आत मावेना, म्हणून टपावर बांधली. त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक गावाला आमच्या प्रवासाची अडचण लांबूनच समजत गेली.

माझ्याकडे वाटेतले थांबे होते. हॉटेलांचा भरवसा नाही, म्हणून ओळखीची घरं गाठायची ठरवली. आता तुम्हीच सांगा, वर्षानुवर्षं ज्यांच्या घरी गेलो नाही, त्यांना फोन करून पहिला प्रश्न काय विचारायचा? मी विचारलं, “घरी कमोड आहे का?” चिखलीला बायकोच्या चुलतमामाने हो म्हटलं आणि मग जरा थांबून ‘काऊन?’ असं विचारलं. बुलढाण्याच्या माझ्या जुन्या मित्राकडे नव्हता. आत्या येणार म्हटल्यावर पठ्ठ्याने आठवड्यात बसवून घेतला. हे मी वाढवून सांगत नाही. त्या कमोडवर अजून कंपनीचा कागद चिकटलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

खालाच्या घराचा प्रश्न सगळ्यात मोठा. ती राहते दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आणि जिना म्हणजे भिंतीला टेकवून ठेवलेली शिडीच. तिच्या मुलाने सांगितलं की तिला खाली आणायचं म्हणजे दोघं तिला उचलून आणतात. मी म्हटलं, मग आत्याला वर नेऊ. गावातली चार दांडगी माणसं सांगून ठेव, खुर्चीसकट उचलू. हे मी मोठ्या अभिमानाने आत्याला सांगितलं.

“चार जनाच्या खांद्यावर जायची वेळ अजून आली नाही माही,” आत्या म्हणाली आणि तोंड फिरवून झोपली.

तिने नियोजनात एकच गोष्ट स्वतः ठरवली. वार. ती म्हणेल त्याच वारी निघायचं, त्याच्या आदल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आम्हाला वाटलं, कोणाकडून तरी दिवस पाहून घेतला असेल. म्हाताऱ्या माणसाचं एवढं तरी ऐकावं, म्हणून आम्ही ऐकलं.

सकाळी निघालो. आत्याचा नवरा, म्हणजे आमचे मामाजी, म्हशींपाशी थांबले. आत्याला गाडीत बसवणं हा सोहळा बघायला निम्मी गल्ली जमली होती आणि प्रत्येकाकडे एक सल्ला होता. शेवटी आत्याने सगळ्यांना गप्प केलं, पाठ गाडीकडे केली, पाटावर उभी राहिली आणि धान्याचं पोतं ठेवतात तशी स्वतःला मागच्या मागे सीटवर ठेवून दिली. गाडी त्या बाजूला कलली. तशीच कललेली ती धामणगावपर्यंत गेली. ड्रायव्हर, तो आमच्याच गल्लीतला, म्हणाला की वळणावर बरं पडतं, पण सगळी वळणं उजवी मिळाली पाहिजेत.

थंडीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा टाचेएवढा झालेला, तुरीला शेंगा. आत्या खिडकीशी तोंड लावून बसली होती. बाहेर पडून तिला बरीच वर्षं झाली होती, आणि ती प्रत्येक वावराचं पीक बघून मालकाची अक्कल सांगत होती. हा वेळेवर पेरणारा, हा झोपाळू, ह्याची बायको माहेरी गेलेली दिसते. दम लागला की थांबायची, पुन्हा सुरू.

चिखलीत पोचलो आणि माझ्या नियोजनातली मोठी चूक समोर आली. मी संडासासाठी घरं गाठली होती. पण घर म्हटलं की चहा आला. आमच्याकडे दाराशी आलेल्याला चहाशिवाय जाऊ देत नाहीत. आत्यासारखी थोर बाई, एवढ्या आजारपणात घरी आली, तिला तर कोणी पाण्यावर घालवणार नाही. पातेलंभर चहा आलं घालून उकळत होता. पोहे होते. शेजारणी आल्या होत्या, त्यांच्या घरीही चहा ठेवलेला होता. म्हणजे ज्या कारणासाठी थांबायचं, तेच कारण ते घर पुन्हा तयार करून देणार होतं. असं चालू राहिलं असतं तर आम्ही चिखली आणि बुलढाण्याच्या मध्ये उरलेलं आयुष्य काढलं असतं.

आत्याने कप हातात घेतला. ओठाला लावला, ‘वा’ म्हणाली, यजमानीण खूश होऊन आत वळली, आणि कप माझ्या हातात आला. माझा रिकामा कप तिच्या हातात गेला. हे इतकं सफाईने झालं की मला कळेपर्यंत मी पिऊन मोकळा झालो होतो. शेजारणीचाही तसाच. बुलढाण्यात मित्राच्या आईने दुधाचा, मलईवाला, पितळी पेल्यातून दिला. तोही माझ्याच नशिबी. आत्याने दोन्ही घरी नुसते पाय हलवले, थोडं चालली आणि तोंडावर पाणी फिरवलं. मित्राने एवढ्या हौसेने बसवलेल्या त्या कमोडचं उद्घाटन शेवटी मीच केलं.

“सोबत माणूस असावं बाप्पा,” गाडीत बसल्यावर आत्या म्हणाली, “लय आधार असते.”

बुलढाण्याच्या पुढे राजूरचा घाट लागला. हा घाट मी कितीतरी वेळा उतरलोय, मोबाइल बघत उतरलोय. त्या दिवशी आत्याने काच खाली करायला लावली. वरून सागाची पानं वाळून तांबूस पडलेली, मध्येच एखादा पळस, आणि वळणावर एकदम खाली सगळं उघडं पडलं: मोताळ्याकडचा सपाट मुलूख, कपाशीचे पांढरे ठिपके, धुक्यातून वर आलेले एक-दोन कळस आणि मिनार, आणि त्याच्याही पलीकडे जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे लागतं याचा काही हिशेब नाही. थंड वारा आत आला. मला वाटलं तिला दम लागेल. पण तिने पोटभर श्वास घेतला, असा की कित्येक दिवसांत मी तिला तसा घेताना पाहिलं नव्हतं. मी गप्प बसलो, आणि मी गप्प बसलो हे ड्रायव्हर अजून लोकांना सांगतो.

धामणगाव जवळ आलं तशी रस्त्यावर गर्दी वाढायला लागली. मोटरसायकलींवर कोंबड्या उलट्या टांगलेल्या, डोक्यावर बोचकी, बैलगाडीत बायका. मला वाटलं कोणाचं तरी लग्न आहे. मग कांद्याच्या ढिगापाशी गाडी थांबली ती थांबलीच. समोर पार दूरवर ताडपत्र्या, मिरच्यांचे लाल डोंगर, तराजू, माणसांवर माणसं.

त्या दिवशी धामणगावचा आठवडी बाजार होता.

ज्या घराच्या तीन पिढ्या बाजारावर जेवल्या, त्या घराच्या माणसाने एवढं नियोजन करताना बाजाराचा वार विचारला नव्हता. समोर गर्दी, धूळ, आरडाओरडा. डॉक्टरांनी नको म्हटलेलं सगळं काही एका मैदानात मांडून ठेवलेलं. बायको म्हणाली, परत फिरू, दुसऱ्या दिवशी येऊ. मी मागे वळून आत्याकडे बघितलं.

आत्या हसत होती.

“खुर्ची काढ,” म्हणाली. “आन तोंड मिट, धूळ जाईन.”

पदर तिने नाकावरून घट्ट बांधून घेतला होता, आधीच. तेवढ्यात गर्दीतून खालाचा मुलगा आला. त्याने मला आदाब केला आणि आत्याला डोळा घातला म्हणा ना, तसंच काहीतरी केलं. मग सगळं उघड झालं. दोघांचं परस्पर ठरलेलं होतं. खाला आठवड्यातून एकदाच खाली उतरते, बाजाराच्या दिवशी, बाजारात मांडलेल्या तिच्या बांगड्यांच्या दुकानावर बसायला. दोन्ही पोरं तिला उचलून आणतात, संध्याकाळी परत नेतात. कान गेले, नजर अधू झाली, तरी ती जागा तिने सोडली नाही. जिना नाही, पायरी नाही, सपाट जमीन. चार माणसांचे खांदे नकोत. आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही गर्दीच्या नावाखाली येऊच दिलं नसतं.

“तुले सांगतलं असतं तं तू डॉक्टरले सांगतलं असतं,” आत्या म्हणाली. मला खोटं बोलता येतं असं माझी बायको म्हणते. पण या बाईपुढे मी अजून बालवाडीत आहे.

खुर्ची गर्दीत घातली. हट्टी चाकाने लगेच डावीकडे धाव घेतली आणि आम्ही थेट मेथीच्या जुड्यांवर गेलो. मेथीवाली उठली, शिव्या तोंडाशी आलेल्या, आणि खुर्चीत बसलेल्या आत्याला बघून थांबली. आत्याने एक जुडी उचलली, मुळं बघितली, पानं चुरून वास घेतला.

“सकाळची हाय,” म्हणाली. “पानी कमी मार. देठ काळे पडतेत.”

मेथीवालीने आपली पाटी मागे ओढली आणि पुढच्याला ओरडली, सरक रे, म्हातारी आपल्यातली हाय. बास. मग माझ्या ढकलण्याचा काही संबंधच राहिला नाही. पुढचा पुढच्याला सांगत गेला. पाट्या सरकल्या, तराजू उचलले गेले, एका बोकडाला कानाला धरून बाजूला केलं, आणि त्या खचाखच बाजारातून एक खुर्चीभर रुंद वाट आपोआप उघडत गेली. मी नदी दुभंगल्याच्या गोष्टी ऐकलेल्या आहेत. बाजार दुभंगताना मी बघितला.

बांगड्यांची दुकानं बाजाराच्या एका टोकाला, लिंबाखाली. खाला तिथे एका खोक्याला टेकून बसली होती. एवढीशी. मला ती आठवत होती ती उंच, सडसडीत, मोठ्याने हसणारी. पुढ्यात दोरीत ओवून गोल बांधलेल्या बांगड्यांच्या चुंबळी, आणि समोर बायकांची रांग. ती मान वर करत नव्हती. बांगडीवाल्यांची ही रीतच. त्या तोंड बघत नाहीत, हात बघतात. हात आला की धरायचा, बोटांची हाडं एकत्र दाबून बघायची, अंगठ्याखालचं मांस चाचपायचं आणि न विचारता त्या मापाची बांगडी काढायची. खालाला ऐकू येत नव्हतं, तर तिला ऐकायचं कामच नव्हतं. एक हात जात होता, दुसरा येत होता.

मुलगा तिच्या खांद्याला हात लावायला पुढे झाला. आत्याने त्याला खुणेने मागे सारलं. आम्हा सगळ्यांना खुणेने मागे सारलं. आणि खुर्ची रांगेत लावायला सांगितली. रांगेतल्या बायकांनी तिला पुढे जा म्हटलं. ती नाही गेली. आपली पाळी येईपर्यंत थांबली. तिला दम लागलेला दिसत होता, पदर आत-बाहेर होत होता. मी गोळ्यांच्या पिशवीत हात घालून उभा. आत्याचे दोन्ही हात कितीतरी वर्षं बांगड्यांशिवाय होते. बोटांचे सांधे असे सुजून घट्ट झालेले की मेहकरातली कोणी बांगडीवाली हात लावायला धजत नव्हती.

पाळी आली. आत्याने हात पुढे केला.

खालाने तो धरला. बोटं जवळ घेऊन दाबली. थांबली. पुन्हा दाबली, हळू. अंगठा आत्याच्या तळहातावर फिरवला, तिथे करंगळीखाली एक जुना व्रण आहे, विळीचा, दुसरबीडला असताना लागलेला. तो अंगठा त्या व्रणावर गेला आणि तिथेच राहिला. मान अजून खालीच.

“सुजली गे,” खाला त्या हाताला म्हणाली. “लय सुजली.”

आत्याने पदर खाली केला. काही बोलायला गेली, पण ज्या आवाजावर पैनगंगेपलीकडचे बैल थांबायचे, तो आवाज आलाच नाही. आला असता तरी खालाला ऐकू गेला नसता. मग तिने तिच्या बोटांनी खालाची बोटं दाबली. एकदा, जोराने.

“जिती हाय तं,” खाला म्हणाली. आणि मग तिने मान वर केली.

इथून पुढचं निम्मं करू नका.

खाला रडली नाही. आत्याही नाही. रांगेतल्या बायका रडत होत्या, माझी बायको रडत होती, ड्रायव्हर गाडी सोडून कधी आला कळलं नाही, तोही नाक पुसत होता. खालाने मात्र मुलाकडे हात करून साबण आणि पाण्याचं भांडं मागितलं. आत्याचा हात आपल्या मांडीवर घेतला, साबणाने मऊ केला, आणि हिरव्या बांगड्यांच्या चुंबळीतून न बघता एक बांगडी काढली. मला ती बांगडी मनगटापर्यंत जाणं शक्यच वाटेना. त्या सांध्यांना डॉक्टर हात लावायचे तर आत्या किंचाळायची. खालाने अंगठा आत दुमडला, एक हाड खाली घेतलं, एक वर सरकवलं, जणू त्या हाताच्या आतलं सगळं तिला काचेतून दिसत होतं, आणि बांगडी गेली. आत्याच्या कपाळावर आठीसुद्धा नाही. मग दुसरी. मग तिसरी. बाजार चालू होता, मिरच्या विकल्या जात होत्या, बोकड ओरडत होता, आणि लिंबाखालची रांग वाकून त्या हातांकडे बघत होती. दोन्ही हात मनगटापासून भरले. एकही बांगडी तडकली नाही. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी बघितल्या म्हणून सांगतो, त्यातल्या निम्म्या बघितलेल्याही नाहीत. ही बघितली.

दुपारभर दोघी शेजारी शेजारी बसल्या. खाला बांगड्या भरत होती, आत्या गिऱ्हाइकांशी भाव करत होती. पुष्कळ वर्षांनी त्या मधल्या जागेत पुन्हा बसल्यासारख्या. आत्याला मोठ्याने बोलायचं नव्हतं. खालाला ऐकू येत नव्हतं. त्यांना आवाजाची आणि कानांची काही गरज दिसली नाही. गोळी घेतली, आणि संडासाचं काय, तर दुकानामागे साड्यांचा पडदा झाला आणि टपावरची खुर्ची अखेर कामाला आली, एवढंच सांगतो.

परतताना घाट चढताना आत्या झोपली होती. वळणावळणाला बांगड्या वाजत होत्या.

आता दिवे लागले की धामणगावहून व्हिडिओ कॉल येतो. आत्या तोंड दाखवतच नाही. हात कॅमेऱ्यासमोर धरते आणि हलवते. पलीकडे खाला मोबाइल डोळ्यांना चिकटवून त्या हिरव्या झुळझुळीकडे बघते, मान डोलवते आणि जेवायला बसते.

परवा त्या हिरव्यात मध्ये एक फट दिसली. एक बांगडी वाढली होती; बांगडी फुटली असं आमच्याकडे म्हणत नाहीत. खालाच्या लगेच लक्षात आलं. तिने स्वतःचं मनगट समोर धरून बोटाने दाखवलं, ये म्हणून. मी आत्याला विचारलं, कशी काय वाढली? आपटली म्हणे, पलंगाच्या दांडीवर, झोपेत.

मी त्या वेळी दारातच उभा होतो. ती जागी होती. तिने आधी दांडी कुठे आहे ते नीट बघून घेतलं होतं.